जुना फोन, नवा फोन आणि पेठेतले दुकान

एखादी वस्तू जुनी झाली की नाही, हे ठरविण्याचा अधिकार पूर्वी त्या वस्तूकडेच असे. मनगटावरचे घड्याळ मागे पडू लागले म्हणजे ते घड्याळजीकडे जाई. तो डोळ्याला भिंग लावून ते उघडी, तेल घाली, एखादे चाक बदली, आणि घड्याळ पुढची दहा वर्षे पुन्हा चालू लागे. १९६१ साली बंगळूर येथे एच. एम. टी.चा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. त्या कारखान्याची कित्येक घड्याळे आजोबांच्या मनगटावरून नातवाच्या मनगटावर गेली. शिवणयंत्राची, सायकलीची, न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाची कथा याहून निराळी नाही. वस्तू बिघडे, दुरुस्त होई, आणि अगदीच नाइलाज झाला म्हणजे मोडीत जाई. खिशातला फोन मात्र या कुळातला नव्हे. तो पुष्कळदा चालत्या स्थितीतच जुना ठरतो. त्याची काच शाबूत असते, आवाज स्पष्ट येत असतो, छायाचित्रे चांगली निघत असतात. तरीही दसरा-दिवाळी जवळ आली, किंवा गोव्यात नाताळची खरेदी सुरू झाली, म्हणजे घरात नव्या फोनची बोलणी निघतात. ही बोलणी केव्हा रास्त असतात आणि केव्हा नसतात, हे ओळखणे अवघड नाही. पण त्यासाठी फोन जुना होतो म्हणजे नेमके काय होते, हे थोडे समजून घ्यावे लागते.

भारतात पहिले मोबाइल संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ या दिवशी. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलणे केले. त्या काळी स्वतः केलेल्या बोलण्याला पैसे पडतच, पण दुसऱ्याने केलेला फोन उचलण्यासही पैसे पडत. ही पद्धत २००३ साली गेली. त्याच वर्षी नोकिया कंपनीने ११०० या क्रमांकाचा फोन आणला. त्याच्या डोक्यावर एक लहानसा विजेरीसारखा दिवा होता, कळफलकात धूळ शिरू नये अशी रबरी योजना होती, आणि मागचे झाकण नखाने उघडून बॅटरी हाताने काढता येई. जगभर या एका फोनचे २५ कोटींहून अधिक नग खपले. कळांवरचे आकडे पुसून जात तरी लोक तो वापरीत. चार-पाच वर्षे वापरलेला फोन दाखविण्यात त्या वेळी कोणाला कमीपणा वाटत नसे. बॅटरी उतरली तर कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणावयाची, एवढाच काय तो व्यवहार.

हा व्यवहार किती सोपा होता याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने आपल्या बीएल-५सी जातीच्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांविषयी जाहीर सूचना दिली. एका पुरवठादाराने ठराविक मुदतीत बनविलेल्या या बॅटऱ्या चार्ज होताना फाजील तापण्याचा संभव होता. गिऱ्हाइकाने झाकण उघडावे, बॅटरीवरचा क्रमांक वाचावा, आणि तो सदोष मालिकेतला असल्यास बदलून घ्यावा, असा तो उपाय होता. आजच्या फोनमध्ये असा दोष निघाला तर गिऱ्हाईक स्वतः बॅटरीचे तोंडही पाहू शकत नाही. ती डिंकाने चिकटवून आत बंद केलेली असते. फोन पातळ झाला, पाण्यापासून अधिक सुरक्षित झाला, हे खरे. परंतु त्याचे हृदय बदलण्याचे काम घरच्या माणसाच्या हातून गेले, आणि पुष्कळांनी त्यावरून असा समज करून घेतला की, ते बदलताच येत नाही.

वस्तुतः फोन जुना होण्याचे पहिले आणि सर्वांत खरे कारण बॅटरी हेच असते. लिथियम-आयन जातीची बॅटरी सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणली. तिच्या मागच्या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या बॅटरीत लिथियमचे विद्युत्भारित कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रवास करतात. चार्ज करताना ते ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. फोन वापरताना परत फिरतात. या येण्याजाण्यात प्रत्येक खेपेस काही कण वाटेत अडकतात. ग्रॅफाइटवर एक सूक्ष्म पापुद्रा वाढत जातो आणि तो लिथियम गिळून बसतो. माठ तोच राहतो, पण आत मुरूम साचत गेल्याने पाणी कमी मावावे, तसे हे आहे.

या झिजेचे माप पूर्ण फेऱ्यांत करतात. आज निम्मी बॅटरी वापरली व उद्या निम्मी, म्हणजे एक फेरी झाली. अनेक वर्षे फोनच्या बॅटरीचा अंदाज असा सांगितला जाई की, सुमारे ५०० फेऱ्यांनंतर तिची धारणाशक्ती मूळच्या ८० टक्क्यांवर येते. अलीकडच्या कित्येक बॅटऱ्या ८०० ते १००० फेऱ्यांपर्यंत तो टप्पा लांबवितात. आता रोज एक फेरी वापरणारा माणूस ५०० फेऱ्या दीड वर्षाच्या आत पुऱ्या करतो. दोन वर्षे झाली की फोन बदलावासा वाटतो, या सार्वत्रिक अनुभवाचे मूळ पुष्कळ अंशी या हिशेबात आहे. माणसाला वाटते, फोन थकला. वास्तविक थकलेली असते ती त्याच्या पोटातली एक चपटी पिशवी, जिची किंमत फोनच्या किमतीचा लहानसा भाग असते. उष्णतेने ही झीज झपाट्याने होते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी स्कूटरच्या दांड्याला उन्हात लावलेला फोन, किंवा रात्रभर उशीखाली चार्जिंगला ठेवलेला फोन, आपले आयुष्य आपणच कमी करून घेत असतो. सतत १०० टक्के भरून ठेवणेही त्याला मानवत नाही. म्हणूनच पुष्कळ नव्या फोनांत ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय दिलेली असते. ती सेटिंगमध्ये असते आणि बहुतेकांनी पाहिलेलीही नसते.

बॅटरी आणि नव्या फोनची विक्री यांचा संबंध किती निकटचा आहे, हे अॅपल कंपनीच्या प्रकरणात जगाने पाहिले. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने मान्य केले की, बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांची गती ती मुद्दाम कमी करीत होती. फोन एकाएकी बंद पडू नये म्हणून हे केले, असे कंपनीचे म्हणणे होते, आणि त्यात तांत्रिक तथ्यही होते. जीर्ण बॅटरीला एकदम जादा शक्ती मागितली तर फोन बंद पडतो. परंतु गिऱ्हाइकाला ते सांगितलेले नव्हते. आपला फोन हळू झाला, असे वाटून कोणी नवा घेतला असेल, तर त्याला केवळ बॅटरी बदलून भागले असते. फ्रान्समध्ये २०२० साली याबद्दल अडीच कोटी युरोंचा दंड झाला. तथापि दंडापेक्षाही बोधप्रद गोष्ट निराळीच आहे. लोकक्षोभ शमविण्यासाठी कंपनीने २०१८ सालापुरता बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. पुढे २ जानेवारी २०१९ रोजी कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी भागधारकांना पत्र लिहून विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचे कळविले, तेव्हा दिलेल्या कारणांत बॅटरी स्वस्तात बदलून मिळाल्याचाही उल्लेख होता. बॅटरी स्वस्त होताच काही लोकांनी नवा फोन घेतला नाही, याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

बॅटरीखालोखाल येते ती जागेची अडचण. फोन अडकतो, 'हँग होतो', असे जे म्हणतात त्यात पुष्कळदा दोष साठ्याचा असतो. सकाळी येणारी फुलांची सुप्रभात-चित्रे, लग्नाच्या चित्रफिती, मुलांच्या शाळेच्या गटातील त्याच त्या सूचनांच्या चार-चार प्रती, हे सर्व फोनच्या कोठारात साठत राहते. कोठार नव्वद टक्क्यांच्या वर भरले की फोनची चाल मंदावते. अर्ध्या तासाच्या साफसफाईने जो फोन पुन्हा धावू लागेल, तो विकून टाकण्याची घाई पुष्कळ घरांत होते.

तिसरे कारण मात्र गिऱ्हाइकाच्या हातातले नाही. फोनमध्ये चालणाऱ्या कार्यप्रणालीला कंपनीकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहाव्या लागतात. त्या थांबल्या म्हणजे फोन चालतो, पण त्याच्या दाराची कडी सैल होते. ज्या यंत्रातून बँकेचे व्यवहार होतात, ज्यावर निवृत्तिवेतनाचे संदेश येतात आणि ओटीपी येतो, त्याच्या बाबतीत ही उपेक्षा करण्याजोगी गोष्ट नव्हे. अँड्रॉइडचे पुष्कळ फोन पूर्वी दोन-तीन वर्षांतच या बाबतीत पोरके होत. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ या फोनला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस-२४ ला सात वर्षे दुरुस्त्या देण्याचे वचन दिले. हे महाग फोन होत. स्वस्त फोनांना एवढी मुदत मिळत नाही. म्हणून फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी हा एक प्रश्न विचारावा की, याला दुरुस्त्या किती वर्षे येणार? हा प्रश्न दुकानात फारच क्वचित ऐकू येतो.

या तिन्ही कारणांपलीकडे जे काही उरते ते बहुतांशी मनाचे असते. फेब्रुवारी २०२० मध्ये भारतात फाइव्ह-जीचे फोन विक्रीला आले आणि हौशी लोकांनी ते घेतलेही. देशात फाइव्ह-जी सेवेचा प्रारंभ झाला तो १ ऑक्टोबर २०२२ रोजी. ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले तो गुण अडीच वर्षे पेटीतच राहिला. तोवर फोनची दीडेक वर्षाची बॅटरी-कुंडली वर सांगितल्याप्रमाणे उतरणीला लागलेली होती. हौसेला मोल नसते हे खरे, पण हप्त्याला असते.

हप्त्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. 'बिनव्याजी हप्ता' हा शब्दप्रयोग ऐकून पुष्कळांची समजूत अशी होते की, बँकेने उधारी फुकट दिली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच नसते. व्यवहार असा चालतो: २०,००० रुपयांच्या फोनवर व्याज १,२०० रुपये होत असेल, तर विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट देते आणि कर्ज १८,८०० रुपयांचे होते, त्यावर १,२०० व्याज चढून गिऱ्हाईक २०,००० भरते. म्हणजे व्याज आहेच, ते सुटीच्या पदराआड झाकलेले असते. क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर १८ टक्के कर, म्हणजे या उदाहरणात २१६ रुपये, आणि बँकेचे प्रक्रिया-शुल्क वेगळे. शिवाय रोख देणाऱ्याने मागितली असती तर जी सूट मिळण्याचा संभव होता, तिच्यावरही पाणी. फोनवर वस्तू व सेवा कर १ एप्रिल २०२० पासून १२ ऐवजी १८ टक्के झाला, तो किमतीत धरलेलाच असतो.

आता असे धरून चालू की, एक माणूस २०,००० रुपयांचा फोन दर दोन वर्षांनी घेतो. बारा वर्षांत त्याचे १,२०,००० रुपये गेले. दुसरा माणूस तोच फोन चार वर्षे वापरतो आणि मधल्या काळात बॅटरी व किरकोळ दुरुस्तीवर दर फोनमागे ३,००० खर्चितो. त्याचे ६९,००० गेले. चार माणसांच्या कुटुंबात हा फरक दोन लाखांच्या वर जातो. शिक्षक, कारकून, लहान दुकानदार यांच्या घरात दोन लाख म्हणजे मुलीच्या शिक्षणाची काही वर्षे होत.

या सर्व विवेचनात एक माणूस आतापर्यंत नुसता डोकावून गेला. तो म्हणजे दुकानदार. त्याची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, आणि पुढच्या काळात पिवळ्या पाटीची एस. टी. डी.-पी. सी. ओ. केंद्रे गावोगाव झाली. मोबाइल आल्यावर त्या केंद्रांतले बोलणे थांबले, तेव्हा कित्येक चालकांनी त्याच गाळ्यात रिचार्जची कुपने ठेवली, मग सिमकार्डे, मग फोन, आणि काउंटरच्या एका टोकाला दिवा, चिमटा व सोल्डरिंगची सळई घेऊन बसलेला एक मुलगा. हैदराबादेत आबिड्सवरचे जगदीश मार्केट, इंदुरात जेल रोड, ही ठिकाणे मोबाइलसाठी ख्यात झाली. पण खरा विस्तार झाला तो गल्लोगल्लीच्या लहान दुकानांचा.

या दुकानांवर पहिला मोठा आघात २०१४ साली झाला. फेब्रुवारीत मोटोरोलाचा मोटो-जी आणि जुलैत शाओमीचा एमआय-३ हे फोन केवळ फ्लिपकार्टवर विकण्यात आले. ठरलेल्या क्षणी विक्री उघडावयाची आणि काही मिनिटांत, पुढे तर काही सेकंदांत, माल संपवावयाचा, अशी ती रीत होती. दुकानात उभा राहून फोन मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार तो देऊच शकत नव्हता. पुढे रिचार्जही लोक घरबसल्या करू लागले, कव्हर व काचा टपालाने येऊ लागल्या, आणि दुकानदाराच्या दिवसातली दहा-वीस रुपयांची नाणी एकेक करून नाहीशी झाली. फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनी ऑनलाइन बाजारांना एखाद्या विक्रेत्यावर केवळ आपल्याकडेच विकण्याची सक्ती करण्यास मनाई केली. जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने फोनांच्या अशाच विक्रीसंबंधी अॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांची चौकशी करण्याचा आदेश दिला.

आणि तरीही एक गोष्ट घडली, जिची अपेक्षा २०१४ साली थोड्यांनीच केली असती. ज्या शाओमीने दुकान नको म्हटले होते, तिने मे २०१७ मध्ये बंगळुरात स्वतःचे पहिले 'मी होम' दुकान थाटले. अॅपलने १८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आणि दोन दिवसांनी दिल्लीत साकेत येथे आपली दुकाने उघडली. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरू आणि पुण्यातील कोरेगाव पार्क यांचा नंबर लागला. जगातल्या अत्यंत धनाढ्य कंपनीला पडद्यावरची विक्री पुरत नाही, हे यावरून दिसते. वस्तू हातात घेऊन पाहण्याची, तिचे वजन तळहातावर तोलण्याची माणसाची ओढ काही विनाकारण नाही. सहा इंचांहून मोठा पडदा चित्रात सुंदर दिसतो. सांधेदुखी असलेल्या बाईच्या बोटांना तो पेलतो की नाही, हे चित्रावरून कळत नाही. ऐकू कमी येणाऱ्या गृहस्थाला कर्णा किती मोठा वाजतो हे महत्त्वाचे; ते ऐकूनच ठरवावे लागते.

परंतु चकचकीत दालनाचा गुण आणि पेठेतल्या दुकानाचा गुण एक नव्हे. पेठेतले दुकान हे अर्धे दुकान आणि अर्धी शाळा असते, आणि ती शाळा फी घेत नाही. नवा फोन घेतल्यावर खरे काम सुरू होते. जुन्या फोनमधले क्रमांक, छायाचित्रे, व्हॉट्सअॅपवरची वर्षानुवर्षांची संभाषणे नव्यात आणावयाची. यूपीआयची नोंदणी नव्याने करावयाची, कारण ती त्या फोनशी व त्या सिमशी जोडलेली असते आणि नव्या फोनवरून त्याच सिमने संदेश गेल्यावाचून खाते उघडत नाही. बँकेचे अॅप पुन्हा बसवावयाचे. अक्षरे मोठी करावयाची. मराठी कळफलक घालून 'ळ' कोठे आहे ते दाखवावयाचे. बेळगावात हे सर्व निम्मे कन्नडात व निम्मे मराठीत होते. म्हापशात कोकणी-मराठीत होते. बडोद्यात एक वाक्य गुजरातीत सुरू होऊन मराठीत संपते. कंपनीच्या मदत-क्रमांकावर एक दाबा, दोन दाबा करीत बसलेल्या सत्तरीतल्या माणसाला ही भाषा मिळत नाही. निवृत्तिवेतनधारकांसाठी नोव्हेंबर २०१४ पासून जीवनप्रमाण ही हयातीच्या दाखल्याची सोय आहे, आणि आता चेहरा दाखवूनही तो फोनवरून देता येतो. ज्यांचे मुलगे-मुली पुण्याला किंवा परदेशी आहेत, अशा कित्येक वृद्धांना ही सोय समजावून सांगणारा जवळचा माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा मोबाइलवालाच असतो. पैसे उकळणारे खोटे फोन आज घरोघर येतात. 'हा संदेश खरा आहे का बघ रे बाबा,' असे म्हणून फोन पुढे करण्याजोगी एखादी जागा गल्लीत असणे, ही संरक्षणाची लहान व्यवस्था नव्हे.

२०२० साली तिची किंमत उघड झाली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली आणि फोनची दुकाने बंद पडली. थोड्याच काळात शाळा फोनवरून भरू लागल्या. ज्या घरात एकच फोन होता आणि त्याचीही काच फुटलेली, त्या घरातल्या मुलाची शाळा दुकान उघडेपर्यंत थांबली. दुकाने उघडली तेव्हा पहिली गर्दी होती ती काच आणि चार्जिंगचे तोंड बदलून घेणाऱ्यांची.

दुकानदाराची स्तुती करताना त्याचे दोष झाकणे योग्य होणार नाही. मोठ्या दुकानात गणवेश घालून गोड बोलणारा तरुण पुष्कळदा दुकानाचा नोकर नसून एखाद्या कंपनीने नेमलेला प्रमोटर असतो. तो आपल्या कंपनीचाच फोन चांगला म्हणणार, हे गृहीत धरावे. दुरुस्तीत 'ओरिजिनल' हा शब्द सैलपणे वापरला जातो. नकली पडदा बसविला की रंग फिके पडतात आणि बॅटरी लवकर उतरते. म्हणून काढलेला जुना भाग परत मागावा, आणि बसविलेल्या भागाचा उल्लेख असलेले पक्के बिल घ्यावे. फोन दुरुस्तीला देताना त्याचा गुप्त क्रमांक कागदावर लिहून देण्याची जी सवय आहे, ती सर्वांत घातक. घरातील छायाचित्रे आणि बँकेचे दार दोन्ही त्यात उघडी असतात. काही कंपन्यांच्या फोनांत दुरुस्तीपुरती खाजगी माहिती झाकून ठेवणारी सोय असते, ती चालू करून द्यावी. नसल्यास शक्य तेथे समोर बसून काम करून घ्यावे. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही. आणि गिऱ्हाइकाचीही एक खोड सांगितली पाहिजे: अर्धा तास दुकानात बसून, दहा फोन हाताळून, सर्व माहिती विचारून घ्यावयाची आणि घरी जाऊन पाचशे रुपये स्वस्त म्हणून ऑनलाइन मागवावयाचा. फोन अडला की पुन्हा त्याच दुकानात! त्या अर्ध्या तासाचे मोल कोणीच देत नसेल, तर तो गाळा उद्या दुसऱ्या कशाचा तरी होईल.

दुरुस्तीचा प्रश्न आता सरकारांच्याही लक्षात आला आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनांना असे बंधन आहे की, ८०० फेऱ्यांनंतरही बॅटरीत ८० टक्के शक्ती उरली पाहिजे, आणि त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतर सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. फोन किती सुलभतेने दुरुस्त होतो याचे गुण पेटीवर छापावेत, या कल्पनेचा विचार करण्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये समिती नेमली गेली आणि मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला. विजेच्या उपकरणांवर तारे छापले गेल्यावर लोक तारे मोजून फ्रीज घेऊ लागले. फोनच्या पेटीवर असे गुण आले तर काउंटरवरच्या प्रश्नांचे स्वरूप पालटण्याचा संभव आहे.

उरला तो जुना फोन. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्क्यांचीच रीतसर गोळाबेरीज व पुनर्वापर झाला. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनी उत्पादकांवर त्याची जबाबदारी टाकली आहे. घराच्या खणात पडून असलेले दोन-तीन फोन मात्र या कोणत्याच हिशेबात येत नाहीत. त्यातला चालू असलेला फोन गरजू विद्यार्थ्याला द्यावा, नाहीतर बदलीत घालावा. देण्यापूर्वी छायाचित्रे उतरवून घ्यावीत, गुगलच्या किंवा अॅपलच्या खात्यातून बाहेर पडावे आणि मगच फोन पूर्ण पुसावा. क्रम उलटा झाला तर घेणाऱ्यापुढे जुन्या मालकाचे खाते मागणारे कुलूप येते. बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन चार्ज करू नये, टोचू नये, आणि केरात तर मुळीच टाकू नये. तो दुकानात किंवा कंपनीच्या संकलन केंद्रात द्यावा.

जुना फोन विकत घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी *#०६# दाबावे. पडद्यावर पंधरा आकड्यांचा आयएमईआय क्रमांक येतो. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठविला, म्हणजे त्या फोनची माहिती उत्तरात येते. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल, तर ते तेथेच कळते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरही ही तपासणी होते, आणि स्वतःचा फोन हरवल्यास पोलिसांतील तक्रारीच्या प्रतीसह तेथूनच तो बंद करविता येतो. त्यासाठी खरेदीचे बिल आणि पेटीवरचा तो क्रमांक जपून ठेवलेला असावा लागतो.